दोन लीग, एक रायडर: ब्रिटिश स्पीडवेतील एका हंगामाचे प्रकरण

एकाच हंगामात दोन वेगवेगळ्या लीगमधल्या दोन संघांकडून रायडरने उतरावे का, हा वाद ब्रिटनच्या स्पीडवेत, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींत, दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो. इथे मांडलेले प्रकरण एका तरुण इंग्लिश रायडरचे आहे. ओळख पटू नये म्हणून त्याचे आणि दोन्ही क्लबांचे नाव दिलेले नाही. काही तपशील बदलले आहेत आणि अशाच अवस्थेतून गेलेल्या इतर रायडरांचे एक-दोन प्रसंग त्यात मिसळले आहेत. सोयीसाठी दोन क्लबांना ‘वरचा क्लब’ आणि ‘खालचा क्लब’ म्हटले आहे. या नावांतून फक्त लीगची पातळी कळते. प्रेक्षकांच्या प्रेमात दोघेही सारखेच.

पार्श्वभूमी

स्पीडवे आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडे खेळाविषयी. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या आणि मिनिटभरात निकाल. मोटरसायकल ५०० सीसीची, एक सिलिंडर, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. मागचे चाक मुद्दाम घसरवत आणि डाव्या बुटाखालची पोलादी पट्टी जमिनीला टेकवत वळण घ्यायचे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. लीगच्या सामन्यात प्रत्येक संघाचे सात रायडर असतात आणि पंधरा हीट, म्हणजे अशा पंधरा छोट्या शर्यती, होतात.

हा खेळ ब्रिटनमध्ये रुजला तो १९ फेब्रुवारी १९२८ च्या हाय बीच इथल्या शर्यतींपासून, असे सर्वसाधारणपणे मानतात. आज तिथे सर्वांत वर प्रीमियरशिप आणि तिच्याखाली चॅम्पियनशिप आहे. ही नावे २०१७ पासूनची. नवशिक्यांसाठी आणखी एक पायरी आहे. २०२४ मध्ये प्रीमियरशिपमध्ये सातच संघ होते: बेल व्ह्यू, बर्मिंगहॅम, इप्सविच, किंग्ज लिन, लेस्टर, ऑक्सफर्ड आणि शेफील्ड. ऑक्सफर्डने तर त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये आपले वेगवेगळे संघ उतरवले.

दोन लीगमध्ये एकच माणूस कसा खेळू शकतो, याचे उत्तर वारांत आहे. प्रीमियरशिपचे सामने अलीकडे मुख्यतः सोमवारी आणि गुरुवारी होतात. चॅम्पियनशिपमधले क्लब आपापले परंपरागत वार धरून बसले आहेत: पूलचा बुधवार, एडिंबराचा शुक्रवार, बेरिकचा शनिवार. त्यामुळे कागदावर तरी टक्कर होत नाही. त्यापलीकडे स्वीडनची लीग मंगळवारी, डेन्मार्कची बुधवारी आणि पोलंडची शुक्रवारी व रविवारी. नामांकित रायडर आठवडाभर विमानतळावर दिसतात ते याच कारणाने. आपला रायडर त्या पंक्तीतला नव्हता. त्याचे सगळे जग एका व्हॅनमध्ये मावत होते.

आता टंचाई. कॉव्हेंट्रीचे ब्रँडन स्टेडियम २०१६ च्या हंगामानंतर या खेळाला बंद झाले. २०२३ अखेर वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो यांचे ट्रॅक गेले. ट्रॅक गेला की सराव जातो आणि त्याबरोबर त्या गावातली पुढची पिढीही जाते. ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या रायडरांनाही इथे खेळायला परवाना-शिफारशीची कागदपत्रे लागू लागली, म्हणून बाहेरून गडी आणणे महाग आणि वेळखाऊ झाले. लीग दोन आहेत आणि दोन्ही चालवायला पुरेसे दर्जेदार रायडर नाहीत. एकाच रायडरला दोन्हीकडे उतरू देण्याची मुभा या गरजेतून टिकून आहे. ती मुद्दाम आखलेली योजना आहे असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही.

रायडर आणि त्याचे अर्थकारण

वय विशीच्या सुरुवातीचे. खालच्या क्लबात तो दोन हंगाम काढून पहिल्या तीन रायडरांपैकी एक झाला होता आणि त्याची गुणांची सरासरी आठच्या आसपास होती. वरच्या क्लबाने त्याला राखीव जागेवर बोलावले, म्हणजे ठरलेल्या हीटखेरीज गरज पडल्यास साथीदाराच्या जागीही उतरायचे. वरच्या लीगमध्ये २०२१ पासून होतकरू ब्रिटिश रायडरांसाठी खास जागा ठेवली जाऊ लागली आणि त्यामुळे अशा मुलांना दार उघडले. या मुलालाही तो उंबरठा ओलांडायचा होता.

रायडर क्लबचा पगारी नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक असतो. मानधन मुख्यतः मिळवलेल्या गुणांवर ठरते. इंजिन, टायर, मिथेनॉल, व्हॅनचे डिझेल, मेकॅनिकचा खर्च आणि इंजिन ट्यूनरकडे पाठवण्याचा खर्च, सगळे त्याच्या खिशातून. वरच्या लीगमध्ये गुणाला पैसे जास्त, पण समोरचे रायडर तगडे असल्याने गुणच कमी हाती लागतात. खालच्या लीगमध्ये दर कमी, गुण भरपूर. त्याने हिवाळ्यात वहीत आकडेमोड केली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. फक्त वरच्या क्लबावर घर चालणार नाही आणि फक्त खालच्या क्लबावर चांगली दोन इंजिने घेता येणार नाहीत.

अडचण

वरवर पाहता अडचण तारखांची होती. खरी गुंतागुंत सरासरीत होती आणि तिच्याकडे सुरुवातीला कोणी पाहिलेच नाही.

ब्रिटिश स्पीडवेत प्रत्येक रायडरची सरासरी काढतात ती अशी: मिळालेले गुण आणि बोनस गुण यांच्या बेरजेला चारने गुणायचे आणि उतरलेल्या हीटच्या संख्येने भागायचे. आपल्याच साथीदाराच्या लगेच मागे आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिल्यास बोनस मिळतो. म्हणजे २४ हीटमध्ये ३६ गुण आणि ४ बोनस असतील तर ४० गुणिले ४ भागिले २४, सरासरी ६.६७. संघ बांधताना सातही जणांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते. ही मर्यादा प्रमोटर, म्हणजे क्लब चालवणारी मंडळी, हिवाळ्यातल्या बैठकीत ठरवतात. त्यामुळे रायडर चांगला खेळला की तो संघासाठी ‘महाग’ होतो आणि वाईट खेळला तर हंगामाच्या मध्येच त्याची जागा धोक्यात येते. दोन लीगमध्ये उतरणाऱ्याला दोन स्वतंत्र सरासऱ्या सांभाळाव्या लागतात. एका लीगमधला थकवा दुसऱ्या लीगच्या सरासरीत उतरतो, आणि तिथल्या मॅनेजरला त्याचे कारण दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो.

शरीराचा आणि यंत्राचा भागही होताच. सामना रात्री दहाच्या सुमारास संपतो. मग कार्ब्युरेटरमधले मिथेनॉल काढून पेट्रोलने धुवायचे, कारण मिथेनॉल धातू खाते. क्लच पाहायचा, टायर बदलायचा. दुसऱ्या दिवशीचा ट्रॅक वेगळ्या लांबीचा, म्हणून मागचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, बदलून गिअरिंग जुळवायचे. एडिंबराचा आर्माडेल इथला ट्रॅक २६० मीटरचा, किंग्ज लिनचा ३४० मीटरच्या आसपास. एकाची सवय दुसऱ्यावर चालत नाही. हे सगळे करून पहाटे दोन-तीनला उत्तरेकडे पोहोचायचे. मेकॅनिक म्हणून त्याचे वडीलच असत आणि ते दिवसा नोकरी करत.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरमध्ये चार वाटा होत्या. पहिली, खालच्या क्लबातच राहून तिथला पहिल्या क्रमांकाचा रायडर व्हायचे. दुसरी, वरच्या क्लबातली राखीव जागा घेऊन बाकी दिवस सरावाला द्यायचे. तिसरी, दोन्ही. चौथी, खालचा क्लब आणि पोलंडच्या खालच्या पातळीवरचा एखादा संघ. चौथी वाट त्याने लवकर सोडली. ब्रेक्झिटनंतर मोटरसायकली सीमेपलीकडे नेण्या-आणण्याची कागदपत्रे आणि प्रवास हे एवढ्या लहान व्यवस्थेला झेपणारे नव्हते.

दुसऱ्या वाटेला मेकॅनिक असलेल्या वडिलांचा कौल होता. त्यांचे म्हणणे असे की राखीव रायडरला वरच्या लीगमध्ये मॅनेजर सात हीटपर्यंत उतरवू शकतो, तेव्हा शिकायला तेवढे पुरे. पण राखीव रायडरला प्रत्येक सामन्यात सात हीट मिळत नाहीत. संघ पुढे असेल तर त्याच्या वाट्याच्या ठरलेल्या हीटवरच समाधान मानावे लागते, आणि आठवड्यात एवढ्याच शर्यती करून कोणी सुधारत नाही. माझ्या मते त्याने तिसरी वाट धरली ते बरोबर केले. चूक त्या निवडीत नव्हती. ती कशी लिहून घेतली गेली, किंवा घेतली गेली नाही, यात होती.

पहिला निर्णय: तोंडी समजूत

दोन्ही क्लबांच्या मॅनेजरांनी त्याला फोनवर सांगितले की टक्कर होणार नाही, झाली तर आपण बोलून घेऊ. लेखी काहीच झाले नाही. दोघे एकमेकांशी थेट बोललेही नाहीत, दोघांनी रायडरमार्फत निरोप पाठवले. ब्रिटनच्या हवामानात हे धोक्याचे असते. पावसाने रद्द झालेला सामना पुन्हा लावायचा तर रिकामा दिवस शोधावा लागतो, आणि दोन लीगमध्ये खेळणाऱ्याकडे रिकामा दिवस नसतो.

मे महिन्यात तसेच झाले. वरच्या क्लबाचा पावसात वाहून गेलेला सामना एका शुक्रवारी लावण्यात आला. त्याच संध्याकाळी खालच्या क्लबात घरचा सामना होता. दोन्ही मॅनेजरांनी वेगवेगळे फोन केले आणि दोघांनाही त्याने ‘बघतो’ म्हणून सांगितले. दोन दिवस हा प्रश्न हवेत राहिला. शेवटी नियमानुसार खालच्या क्लबाला त्याच्या जागी पाहुणा रायडर, म्हणजे त्या सामन्यापुरता दुसऱ्या क्लबाचा रायडर, घेता आला आणि आपला रायडर वरच्या क्लबाकडे गेला. पाहुणा रायडर चांगला खेळला, सामना जिंकला. तरीही तिथल्या प्रेक्षकांना जी गोष्ट लागली ती निकालाची नव्हती. आपला माणूस दुसऱ्या संघाचे जॅकेट घालून दुसरीकडे उभा आहे, हे त्यांना सहन झाले नाही. त्या क्लबात एकाच कुटुंबातल्या तीन-तीन पिढ्या कठड्याजवळ उभ्या असतात. त्यांची निष्ठा आकड्यांत मोजता येत नाही, पण गेटवरचे उत्पन्न तिच्यावरच चालते. खालच्या क्लबाचा मॅनेजर त्या रात्रीपासून त्याच्याशी तुटक बोलू लागला.

दुसरा निर्णय: मनगट

हंगामातला सर्वांत मोठा निर्णय जूनमध्ये आला आणि त्याकडे नीट पाहायला हवे.

सोमवारी बाहेरच्या ट्रॅकवर पहिल्या वळणावर तो पडला आणि उजवे मनगट दुखावले. उजवा हात म्हणजे थ्रॉटलचा हात. रुग्णालयात काढलेल्या एक्स-रेमध्ये मोडलेले हाड दिसले नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, म्हणून हात आधारपट्टीत ठेवा आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा. सल्ला स्पष्ट होता. हाड मोडल्याचे निदान मात्र हाती नव्हते, आणि या मधल्या जागेतच सगळे घडले.

गुरुवारी वरच्या क्लबाचा सामना, शुक्रवारी खालच्या क्लबाचा स्थानिक प्रतिस्पर्ध्यांशी घरचा सामना. डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिले असते तर दोन्ही क्लबांना पाहुणा रायडर किंवा त्याच्या हीट इतरांनी वाटून घेण्याची सवलत मिळाली असती. म्हणजे क्लबांचे फार मोठे नुकसान नव्हते. नुकसान होते ते त्याचे. आजारी रजेचा पगार नाही, गुण नाहीत तर पैसे नाहीत. शिवाय मे महिन्यातल्या कटुतेनंतर शुक्रवारी गैरहजर राहणे त्याला अशक्य वाटत होते. वरच्या क्लबात राखीव जागेसाठी दुसरा मुलगा तयार उभा होता, म्हणून गुरुवारही सोडवत नव्हता.

वरच्या क्लबाच्या मॅनेजरने विचारले, “बरं आहे ना? उतरशील?” तो म्हणाला, “हो.” दुसऱ्या मॅनेजरने तेच विचारले आणि तेच उत्तर मिळाले. सोमवारी तो पडला हे दोघांनाही माहीत होते. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितले आहे, हे त्याने दोघांनाही सांगितले नाही, आणि दोघांपैकी कोणी नीट खोदून विचारलेही नाही. प्रत्येकाने मनात धरले असावे की दुसऱ्या क्लबाने तपासून घेतले असेल.

गुरुवारी पट्टी बांधून तो तीन हीट उतरला, एकच गुण मिळाला. रात्रभर वडिलांनी व्हॅन चालवली. शुक्रवारी तिसऱ्या हीटमध्ये वळणातून बाहेर पडताना थ्रॉटलवरची पकड सुटली आणि गाडी अचानक मंदावली. मागून येणाऱ्याला वळायला जागा नव्हती. दोघेही कुंपणाकडे फेकले गेले. हवेच्या गाद्यांच्या कुंपणामुळे दुसरा रायडर खरचटण्यावर निभावला. याचे मनगट मात्र आता एक्स-रेमध्येही स्पष्ट मोडलेले दिसले. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसवला गेला आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो बाहेर राहिला.

डोक्याला मार लागला असता तर पंचांनी आणि ट्रॅकच्या डॉक्टरांनी नियमानुसार त्याला थांबवले असते. मनगट दुखते की नाही हे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक. दुसऱ्या रायडरचा जीव त्या उत्तरावर अवलंबून होता. हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो. दोन लीगमध्ये उतरणे हा रायडरचा वैयक्तिक धोका आहे, असे म्हणून विषय सोडून देता येत नाही. ब्रेक नसलेल्या चार गाड्या एका वळणावर असतात.

तिसरा निर्णय: परतणे

ऑगस्टमध्ये तो परतला तेव्हा वरच्या क्लबाने त्याची जागा भरली होती आणि त्याला मोकळे केले. ते त्यांच्या नियमांत बसत होते आणि मला ते अन्याय्यही वाटत नाही. खालच्या क्लबाने ठेवले, पण त्याची सरासरी सातच्या खाली घसरली होती. मॅनेजरने त्याला राखीव जागेवर नेले. त्या लीगची दुसरी हीट राखीव रायडरांची असते, त्यामुळे तिथे गुण मिळवणे सोपे झाले. एका अर्थाने तो सुखावला. हंगामाचे शेवटचे सहा आठवडे तो एकाच संघाकडून उतरला, झोप पुरी झाली, आणि सप्टेंबरात त्याच्या सुरुवाती पुन्हा पूर्वीसारख्या धारदार झाल्या.

परिणाम

पैशाच्या हिशेबात त्याने त्या वर्षी फक्त खालच्या क्लबात राहिला असता त्याहून कमी कमावले. इंजिनांचा खर्च दुप्पट झाला आणि दोन महिने उत्पन्न शून्य. दुसऱ्या बाजूला, वरच्या लीगमधल्या हीटनी त्याला पहिल्या वळणात आत शिरायला शिकवले, आणि हे तो स्वतः मान्य करतो. हे खालच्या लीगमध्ये त्याला कोणी शिकवले नसते.

हिवाळ्यात एक गोष्ट घडली ती बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. घसरलेल्या सरासरीमुळे त्याला मागच्या वर्षीपेक्षा जास्त क्लबांचे फोन आले. सरासरी कमी म्हणजे मर्यादेत बसवायला सोपा, आणि सगळ्यांना ठाऊक की तो प्रत्यक्षात त्याहून चांगला आहे. ज्या दुखापतीने त्याचे वर्ष खाल्ले तिनेच त्याचा बाजारभाव वाढवला. मला ही व्यवस्थेची गंभीर उणीव वाटते. दुखापत असताना उतरण्याची रायडरला मोजावी लागणारी किंमत ती कमी भासवते.

वेगळे काय करता आले असते

काही जण म्हणतात की दोन लीगमध्ये उतरण्यावर सरसकट बंदी घाला. आज ते केले तर काही क्लबांना सात रायडर जमवणेही जड जाईल, आणि वरची पायरी चढू पाहणाऱ्या मुलांचा रस्ता बंद होईल. त्यामुळे मी बंदीच्या बाजूचा नाही. पण एका संघात असे किती रायडर असावेत यावर कडक मर्यादा हवी, नाहीतर सोमवारी आणि शुक्रवारी प्रेक्षकांना तेच चेहरे वेगळ्या जॅकेटात दिसतात आणि दोन लीग असण्याचे कारणच उरत नाही.

या प्रकरणात तीन ठिकाणी वेगळे वळण घेता आले असते. हिवाळ्यात दोन्ही मॅनेजर आणि रायडर एका टेबलाशी बसून पुन्हा लावलेल्या सामन्यांत कोणाला अग्रक्रम हे लिहून घेऊ शकले असते. मे महिन्यातला राग तिथेच टळला असता. दुखापतीनंतर एकाच क्लबाकडे त्याच्या तब्येतीची जबाबदारी असती तर गुरुवारी सकाळी कोणीतरी डॉक्टरांचा कागद मागितला असता. आणि तो दोन आठवडे थांबला असता तर क्लबांना सवलत मिळालीच असती. ही गोष्ट त्याला कोणी शांतपणे समजावून सांगितली नव्हती. त्याला वाटत होते की आपण गेलो नाही तर संघ उघडा पडेल.

पुढच्या हंगामासाठी त्याने पुन्हा दोन क्लब घेतले, पण यावेळी कागदावर. पुन्हा लावलेल्या सामन्यांचा अग्रक्रम ठरला. तब्येतीची जबाबदारी खालच्या क्लबाने घेतली आणि कोणतीही दुखापत त्याच दिवशी दोन्हीकडे कळवायचे ठरले. वडिलांच्या जोडीला एक मेकॅनिक ठेवायला वरच्या क्लबाने प्रवासखर्चातला वाटा उचलायचे कबूल केले. त्याने एक चौथी अटही मांडली होती: सलग तीन रात्री सामने आले तर तिसऱ्या रात्री विश्रांती. ती दोन्ही क्लबांनी मान्य केली नाही. त्या कलमाशिवाय सह्या झाल्या आणि मार्चमध्ये हंगाम सुरू झाला.